सोनं पिवळं का आणि पारा पातळ का? दोन्हीमागे एकच कारण निघालं

पिरियॉडिक टेबल समोर असेल तर ७९ आणि ८० नंबरची घरं बघा. ७९ सोनं, ८० पारा. भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी. फरक किती, तर सोन्याच्या अणूत ७९ प्रोटॉन आणि पाऱ्याच्या अणूत ८०, बस्स. तरी सोनं वितळवायला १०६४ डिग्री सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं आणि पारा उणे ३९ डिग्रीलाच वितळून मोकळा होतो. म्हणजे एका प्रोटॉनची भर पडली आणि वितळायचा आकडा थेट अकराशे डिग्रींनी खाली आला! असं कसं होतं बुवा?

दुसरा प्रश्न तर इतका साधा आहे की तो कोणाला पडतच नाही. सोनं पिवळं का असतं? बाकीचे धातू आठवून बघा, चांदी, लोखंड, ॲल्युमिनियम, निकेल, जस्त, कथील, प्लॅटिनम, सगळे पांढरट नाहीतर करडे, नवीन असताना चकचकीत आणि जुने झाले की मळकट. रंग म्हणावा असा रंग असलेले धातू म्हणजे तांबं, सोनं आणि थोडीशी सोनेरी झाक असलेलं सीझियम, ते तर फारसं कोणी बघितलेलंही नसतं. बरं सोन्याच्या बरोब्बर वरचं घर चांदीचं आहे, एकाच खानदानातले दोघं, बाहेरच्या इलेक्ट्रॉनची मांडणी अगदी सेम टू सेम. मग एक पांढरी आणि एक पिवळं, हे कशामुळे?

उत्तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी फेकतोय. उत्तर आहे आइन्स्टाइन. १९०५ सालची ती स्पेशल रिलेटिव्हिटी, विशेष सापेक्षता. आपल्या डोक्यात रिलेटिव्हिटी म्हटलं की रॉकेटमधून फिरून आलेला आणि कमी म्हातारा झालेला जुळा भाऊ येतो, किंवा फार तर जीपीएसच्या सॅटेलाइटमधली घड्याळं. ती गोष्ट बोटातल्या अंगठीत काय करतेय?

तर त्यासाठी अणूच्या आत जावं लागेल, घाबरू नका, गणित एकच आहे आणि तेही भागाकाराचं.

अणूच्या मधोमध केंद्र, त्यात प्रोटॉन, प्रोटॉनवर धन चार्ज, आणि तो इलेक्ट्रॉनना आपल्याकडे खेचून धरतो. हायड्रोजनमध्ये प्रोटॉन एकच, त्यामुळे ओढ कमी, त्याचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या १३७ व्या हिश्श्याने फिरतो असं धरा, म्हणजे सेकंदाला साधारण २२०० किलोमीटर. आपल्याला तो वेग भन्नाट वाटतो पण रिलेटिव्हिटीच्या हिशोबात तो काहीच नाही, तिचा परिणाम दिसायला प्रकाशाच्या वेगाच्या बऱ्यापैकी जवळ जावं लागतं. आता प्रोटॉन वाढवत न्या. ओढ वाढली की सगळ्यात आतल्या इलेक्ट्रॉनला जास्त जोरात पळावं लागतं, नाहीतर त्याचा टिकाव लागणार नाही. ढोबळ नियम असा की जितके प्रोटॉन तितके १३७ वे हिस्से. सोन्यात ७९ भागिले १३७, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास ५८ टक्के. या वेगाने पृथ्वीवरून निघालात तर सव्वादोन सेकंदांत चंद्र. आणि हे अंतराळात कुठे चाललेलं नाही, साध्या धातूच्या तुकड्यात, तो टेबलावर गप्प पडलेला असताना चाललंय.

(इथे एक कबुली देऊन टाकतो. इलेक्ट्रॉन काही ग्रहासारखा गोल गोल फिरत नाही, तो ढगासारखा पसरलेला असतो वगैरे सगळं खरं आहे. पण हा वेगाचा हिशोब त्या जुन्या चित्रातूनही बऱ्यापैकी बरोबर येतो म्हणून ते वापरतोय.)

आता रिलेटिव्हिटी म्हणते की इतक्या वेगात असलेली वस्तू जड असल्यासारखी वागते. वस्तुमान वाढतं असं म्हटलं की हल्लीचे फिजिक्सवाले नाक मुरडतात, त्यांना ती भाषा आवडत नाही, पण समजून घ्यायला ती चालते. सोन्याचा आतला इलेक्ट्रॉन साधारण २२ टक्के जड झाल्यासारखा वागतो. आणि इलेक्ट्रॉन जितका जड तितका तो केंद्राच्या जवळ राहतो, त्यामुळे त्याचा ढग जवळपास पाचव्या हिश्श्याने आक्रसतो.

इथे कोणीही म्हणेल की ठीक आहे, आतला इलेक्ट्रॉन आक्रसला, पण रंग, चमक, गंज, केमिस्ट्री हे सगळं तर बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या हातात असतं ना? आणि ते बिचारे निवांत असतात. अगदी रास्त शंका आहे. इतकी रास्त की खुद्द पॉल डिरॅकलाही तसंच वाटलं होतं, म्हणजे ज्या माणसाने १९२८ साली इलेक्ट्रॉनला रिलेटिव्हिटीच्या नियमात बसवणारं समीकरण मांडलं त्यालाच! १९२९ मध्ये त्याने लिहून ठेवलं की अणूंची रचना आणि नेहमीच्या रासायनिक क्रिया यांच्यासाठी रिलेटिव्हिटीला काही महत्त्व नाही. आणि मग कितीतरी वर्षं केमिस्ट मंडळींनी तिकडे फारसं बघितलंच नाही. १९७० च्या दशकात कॉम्प्युटरवर जड अणूंचे हिशोब करता यायला लागले तेव्हा गंमत लक्षात यायला लागली, आणि १९७९ साली फिनलंडचा पेक्का प्यूक्को आणि त्याचा सहकारी जाँ-पॉल देक्लो यांनी एक मोठा आढावा लिहून दाखवून दिलं की पिरियॉडिक टेबलच्या खालच्या मजल्यांवर रिलेटिव्हिटीशिवाय पान हलत नाही.

डिरॅकचं नेमकं काय चुकलं, तर बाहेरचे इलेक्ट्रॉन कायम बाहेरच असतात हे. सोन्यातला सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन ज्या ढगात असतो त्याला ६एस म्हणतात, आणि 'एस' जातीच्या ढगांची खोड अशी की ते पसरलेले बाहेरपर्यंत असले तरी त्यांचा थोडा भाग पार केंद्रापर्यंत पोचतो. म्हणजे हा बाहेर राहणारा गडी अधूनमधून घरात डोकावून जातो, आणि डोकावताना त्यालाही तोच भयंकर वेग घ्यावा लागतो. मग तोही आक्रसतो आणि केंद्राला जास्त घट्ट बांधला जातो. 'डी' जातीचे ढग मात्र केंद्राजवळ फिरकत नाहीत, त्यांच्या बाबतीत उलटं होतं. शेकोटीभोवती लोक बसलेत असं समजा. पुढचे लोक अजून पुढे सरकले आणि खांद्याला खांदा लावून बसले की मागच्यांची ऊब कमी होते, मग मागचे थोडे मागे रेलतात. तसंच एसवाले पुढे सरकले, त्यांनी केंद्राची ओढ अडवली, आणि ५डी नावाचे इलेक्ट्रॉन सैल होऊन जरा बाहेर आले. ऊर्जेच्या शिडीवर एस खाली आला, डी वर गेला, आणि दोघांमधलं ऊर्जेचं अंतर कमी झालं.

आणि हेच अंतर म्हणजे सोन्याचा रंग!

प्रकाश धातूवर पडला की डीमधल्या इलेक्ट्रॉनला वरच्या रिकाम्या जागेत उडी मारायची असते, पण उडीइतकी ऊर्जा त्या प्रकाशात असेल तरच तो प्रकाश गिळला जातो, नाहीतर परत फेकला जातो. चांदीत ही उडी इतकी मोठी आहे की तिला अल्ट्राव्हायोलेट लागतो. तो गिळला गेला काय आणि नाही गेला काय, आपल्या डोळ्याला कळत नाही, डोळ्याला दिसणारे सगळे रंग चांदी परत पाठवते म्हणून ती पांढरी. सोन्यात रिलेटिव्हिटीने उडी छोटी करून ठेवलीये, साधारण २.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या जगात ऊर्जा मोजायचं माप), म्हणजे निळ्या प्रकाशाला ती जमते. निळा गिळला, उरलेलं परत पाठवलं, आणि पांढऱ्यातून निळा काढला की काय उरतं? पिवळं. रिलेटिव्हिटी काढून टाकून तेच गणित केलं तर सोनं चांदीसारखं पांढरं दिसायला हवं असं उत्तर येतं. तांब्याची भानगड वेगळी आहे, तिथे ही उडी मुळातच छोटी असते, त्याचं श्रेय आइन्स्टाइनला देऊ नका.

सोन्याचा निळ्याशी उभा दावा आहे हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर सोन्याचा अगदी पातळ, आरपार उजेड जाईल इतका पातळ वर्ख दिव्यासमोर धरा. समोरून पिवळा दिसणारा तोच वर्ख दिवा मागे असताना हिरवट निळसर दिसतो. पिवळा लाल तर परत फेकला गेला, निळ्यातला बराचसा आत गिळला गेला, आणि मधल्या हिरव्या पट्ट्यातला जो काही निसटला तो पलीकडे पोचला.

आणि याचा फटका कुठे बसतो माहितीये? अंतराळातल्या जेम्स वेब दुर्बिणीला. तिच्या त्या षटकोनी आरशांवर सोन्याचा मुलामा आहे, जाडी १०० नॅनोमीटर, सगळं सोनं मिळून सुमारे ४८ ग्रॅम. सोनं इन्फ्रारेड प्रकाश फारच छान परत पाठवतं म्हणून ते निवडलं, पण निळा ते खाणारच, त्यामुळे ही दुर्बीण ०.६ मायक्रोमीटरपासून पुढचं, म्हणजे नारिंगी-लालपासून पुढचंच बघते. निळं तिला दिसतच नाही. तिच्या फोटोंमध्ये जो निळा दिसतो तो नंतर दिलेला असतो, समजायला सोपं जावं म्हणून. म्हणजे विश्वातल्या सगळ्यात जुन्या दीर्घिका शोधणाऱ्या यंत्राची नजर कुठे सुरू होते हे शेवटी सोन्यातल्या इलेक्ट्रॉनचा वेग ठरवतोय. मला हे भारी वाटतं.

सोनं काळं पडत नाही, गंजत नाही, त्यातही याचा हात आहेच. बाहेरचा इलेक्ट्रॉन इतका घट्ट धरून ठेवलाय की ऑक्सिजनने किंवा सल्फरने मागितला तरी सोनं सहज देत नाही. चांदीचा त्यामानाने सैल, म्हणून हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी ती काळवंडते. उलट सोनं वेळ पडली तर दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतं! सीझियम हा धातू इलेक्ट्रॉन देऊन टाकायला एका पायावर तयार असतो, तो आणि सोनं एकत्र आले की सीझियम ऑराइड बनतं, दोन चकचकीत धातूंपासून बनलेला पदार्थ, आणि तो स्वतः धातू नाहीच, मिठासारखा वागतो, त्यात सोनं चक्क ऋण आयन, म्हणजे जादा इलेक्ट्रॉन घेऊन बसलेला अणू असतं, मिठात क्लोरीन असतो तसं. शाळेत आपल्याला शिकवलेलं की धातू इलेक्ट्रॉन देतात, घेत नाहीत. सोन्याने ते वाचलेलं दिसत नाही.

आता शेजाऱ्याकडे.

लहानपणी आमच्या घरातला थर्मामीटर माझ्याच हातून फुटला, झटकताना कपाटाच्या कोपऱ्यावर आपटला, आणि जमिनीवर चकचकीत गोळ्या पळायला लागल्या. एक गोळी बोटाने दाबली की तिच्या चार व्हायच्या, दोन कागदाने जवळ आणल्या की टुपकन एक व्हायची, आणि जमिनीला एक थेंब चिकटेल तर शपथ. मी तासभर खेळलो आणि मग जो ओरडा खाल्ला तो अजून आठवतो. ओरडा बरोबरच होता, पाऱ्याची वाफ विषारी असते, दिसत नाही, वास येत नाही, आणि तो झाडूने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने गोळा करायला गेलं तर अजूनच पसरतो. तेव्हा हा प्रयोग करू नका, माझ्या वर्णनावर भागवा.

तर पारा पातळ का. सोन्याकडे बाहेरच्या ढगात एक इलेक्ट्रॉन आहे आणि जागा दोघांची आहे, त्यामुळे तो शेजारच्या अणूंशी भागीदारी करायला मोकळा असतो. पाऱ्याकडे दोन आहेत, जोडी पूर्ण, घर भरलेलं. जस्त आणि कॅडमियम हे पाऱ्याचे वरच्या मजल्यांवरचे भाऊ, त्यांचंही घर भरलेलंच, म्हणून तेही त्यांच्या डावीकडच्या शेजाऱ्यांपेक्षा, म्हणजे तांबं आणि चांदीपेक्षा, लवकर वितळतात, जस्त ४२० ला, कॅडमियम ३२१ ला. पण पाऱ्यात ती जोडी रिलेटिव्हिटीमुळे आत ओढून घट्ट बसवलेली आहे, ती शेजाऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. धातूचे अणू एकमेकांना धरून असतात ते बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या सामायिक खात्यामुळे, आणि इथे खात्यात कोणी नीट भरणाच करत नाही. मग अणू एकमेकांना जेमतेम धरतात आणि थोड्याशा उबेनेही घसरायला लागतात.

हे बरेच दिवस नुसतं म्हटलं जायचं, पण आकडे घालून दाखवणं अवघड होतं, कारण वितळणं म्हणजे एक अणू नाही, अणूंची गर्दी हलताना मोजायला लागते. २०१३ साली न्यूझीलंडच्या पीटर श्वेर्टफेगर आणि सहकाऱ्यांनी ते केलं. कॉम्प्युटरमध्ये दोन पारे बनवले, एक रिलेटिव्हिटीसकट आणि एक तिच्याशिवाय. दोघांच्या वितळण्यात १०५ डिग्रींचा फरक निघाला, आणि रिलेटिव्हिटीशिवायचा पारा ८२ डिग्री सेल्सिअसला वितळला. म्हणजे आइन्स्टाइन नसता तर, सॉरी, रिलेटिव्हिटी नसती तर (आइन्स्टाइनने फक्त चहाडी केली) माझ्या हातून फुटलेल्या थर्मामीटरमध्ये एक घट्ट धातूची तार असती आणि ताप मोजायला दुसरं काहीतरी शोधावं लागलं असतं.

पारा खरंच धातू आहे की नाही यावरच पूर्वी वाद होता बरं का. त्याचा स्वभावच पातळ, तो घट्ट होऊच शकत नाही असं लोक धरून चालले होते. डिसेंबर १७५९ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या कडाक्याच्या थंडीत ब्राउन नावाच्या प्राध्यापकाने बर्फ आणि ॲसिडच्या मिश्रणात थर्मामीटर बुडवला तर पारा खाली खाली जात एका जागी अडकूनच बसला. काच फोडली तर आत चकचकीत घट्ट गोळा, हातोडीने ठोकला की चपटा होणारा. अगदी धातूसारखा. वाद मिटला.

आणि एक उदाहरण राहिलं ते सगळ्यात रोजचं. गाडीची बॅटरी. लेड-ॲसिड बॅटरी १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने बनवली, आजही गाड्या तिच्यावरच स्टार्ट होतात. शिसं म्हणजे ८२ नंबर, पाऱ्यापासून दोनच घरं पुढे, म्हणजे आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ६० टक्के वेगाने. बॅटरीतल्या एका पत्र्यावर लेड डायऑक्साइड असतं, त्यात शिशाने आपली ती ६एसची जोडी देऊन टाकलेली असते. पण रिलेटिव्हिटीमुळे ती जागा फार खोल, फार आरामाची झालेली असते, म्हणून शिशाला ती जोडी परत हवी असते, अगदी जीव तोडून हवी असते, आणि त्या हव्यासातूनच व्होल्टेज येतं. २०११ साली स्वीडन आणि फिनलंडच्या संशोधकांनी, त्यात तोच प्यूक्को होता, हिशोब करून दाखवला की एका सेलच्या २.१ व्होल्टमधले १.७ ते १.८ व्होल्ट निव्वळ रिलेटिव्हिटीचे आहेत. गाडीच्या बॅटरीत असे सहा सेल. म्हणजे १२ व्होल्टमधले दहाएक व्होल्ट तिचे! शिशाच्या वरचं घर कथिलाचं, पण ते हलकं, तिथे हा परिणाम फारच कमी, म्हणून कथिलाची तशी बॅटरी कोणी बनवत नाही. जीपीएस रिलेटिव्हिटीवर चालतं असं लोक कौतुकाने सांगतात, अहो पण ते बघायच्या आधी गाडी स्टार्ट तर व्हायला हवी.

पाऱ्याच्याही खालच्या घरात एक जण राहतो, ११२ नंबरचा कोपर्निशियम. निसर्गात मिळत नाही, १९९६ मध्ये जर्मनीत डार्मस्टाटच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनवला, आणि बनवला म्हणजे एखाददुसरा अणू, तोही थोड्याच वेळात फुटून जाणारा. ११२ भागिले १३७ करा, ८२ टक्के. इथे रिलेटिव्हिटीचा दंगा एवढा की हा धातू धातूसारखा तरी वागेल का, की हेलियम-रेडॉनसारखा कोणाशी न बोलणारा गॅस होईल अशी शंका होती. मग रशियात दुब्ना इथे त्याची परीक्षा घेतली, निकाल २००७ मध्ये आला. एक लांब अरुंद बोगदा, एक टोक कोमट आणि दुसरं टोक गोठवणारं थंड, त्यातून अणू वाहत जाणार आणि जिथे चिकटेल तिथे सापडणार. पारा कोमट टोकालाच चिकटला. रेडॉन पार थंड टोकापर्यंत गेला. कोपर्निशियमचे दोन अणू मिळाले, फक्त दोन, आणि ते पाऱ्याच्या पुढे पण रेडॉनच्या बरेच अलीकडे थांबले, म्हणजे पाऱ्याहून जास्त उडाणटप्पू, पण रेडॉनसारखा अगदीच अबोल नाही. बोगद्याच्या भिंतींवर चिकटायला काय लावलं होतं, तर सोनं.